असन्निधानी आज्ञा हेच सन्निधान

परमेश्वराची प्रसन्नता आपणांस लाभावी, असे ज्यास वाटत नाही असा साधक आपल्या मार्गात सापडणे कठीण. परंतु ती प्रसन्नता कोठे शोधावी, असे विचारले तर बहुतेकांची दृष्टी पर्वकाळाकडे व तीर्थस्थानाकडे वळते. रिद्धपूर, डोमेग्राम, पैठण, फलटण येथील स्थानांवर मस्तक ठेवताना डोळे भरून येतात. विशेषांचे वंदन करताना कंठ दाटतो. ही भावना खोटी नाही. ती ज्यास लाभली तो भाग्यवानच. पण घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात तराजू हाती घेताना, शेतात मजुराशी बोलताना, भिक्षेची झोळी घेऊन गावात शिरताना, ती कोठे जाते? स्थानापाशी जो परमेश्वर जवळ वाटला, तो बाजारात का दूर वाटतो? या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

उशिरा आल्याचे दुःख

आपणांपैकी अनेकांच्या मनात एक खंत असते. बाईसा, भटोबास, महदाइसा, म्हाइंभट यांनी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींना डोळ्यांनी पाहिले. त्यांचे निरूपण कानांनी ऐकले. त्यांना सन्निधान लाभले. आपण मात्र साडेसातशे वर्षांनी जन्मास आलो. आपल्या वाट्यास काय उरले?

ही खंत भक्तीतून उपजलेली आहे, म्हणून तिचा अव्हेर करू नये. परंतु तिच्यात एक गोष्ट दृष्टीआड होते. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. श्रीनागदेवाचार्य त्यानंतर चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या भूमीवर होते. म्हणजे ज्यांना आपण सन्निधानाचे भाग्य लाभलेले म्हणतो, त्यांनाही आयुष्यातील मोठा काळ असन्निधानातच काढावा लागला. तो त्यांनी कशाच्या आधारे काढला? चमत्काराच्या आधारे नव्हे. केवळ आठवणीच्या हुंदक्यांवरही नव्हे. स्वामींनी जाण्यापूर्वी जे करावयास सांगितले होते, ते करीत करीत त्यांनी तो काळ काढला. सन्निधान निघून गेले. आज्ञा मागे राहिली. त्यांच्यापाशी जी राहिली तीच आज आपल्यापाशीही आहे. या एका बाबतीत आपण त्यांच्याहून उणे नाही.

आज्ञा आणि प्रसाद

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. 'आज्ञा' या शब्दात 'ज्ञा' हा धातू आहे. त्याचा अर्थ जाणणे. आपल्या प्रभूंना आपण 'सर्वज्ञ' म्हणतो, त्यातही तोच धातू. जो सर्व जाणतो, त्याच्या जाणण्याचा जो अंश अजाण जीवाच्या उपयोगासाठी शब्दरूपाने खाली उतरतो, ती आज्ञा. यास्तव आज्ञा म्हणजे धाक नव्हे. आंधळ्यास डोळस मनुष्य म्हणतो, "येथे पाऊल टाक, तेथे टाकू नको." त्यात विधीही आहे आणि निषेधही आहे, पण दोहोंच्या मुळाशी दया आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, आणि जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे, असे आपले शास्त्र सांगते. बांधलेल्यास आपली गाठ आपणास दिसत नाही. जो बांधलेला नाही त्याने ती दाखवावी लागते.

'प्रसाद' हा शब्द निवळण्याचा वाचक आहे. पावसाळ्यात गढूळ झालेले पाणी शरद ऋतूत स्वच्छ होते, तेव्हा संस्कृतात त्यास 'प्रसन्न' म्हणतात. परमेश्वराची प्रसन्नता म्हणजे त्याचे जीवाकडे कृपेने पाहणे. आणि त्या पाहण्याचे जीवाच्या ठायी दिसणारे चिन्ह म्हणजे अंतःकरणाचे निवळणे. हा अर्थ ध्यानात न घेता आपण प्रसन्नतेचा पुरावा पिकात, धनात, संततीत शोधू लागलो, तर फसगत होते. आज्ञेने वागणाऱ्याच्या शेतावरही गारपीट होते आणि आज्ञा मोडणाऱ्याचेही धान्य चढ्या भावाने विकले जाते. ती कर्मांची व देवतांच्या फळांची गोष्ट आहे. प्रसाद निराळा.

शंका आणि समाधान

येथे कोणी शंका घेईल: परमेश्वर पूर्ण आहे, निरपेक्ष आहे. आपण आज्ञा पाळली म्हणून तो प्रसन्न होत असेल, तर कृपा ही विकत घेण्याची वस्तू झाली. आणि आपण न पाळल्याने त्याची कृपा अडत असेल, तर तो पराधीन झाला. मग आज्ञापालनाचे प्रयोजन काय?

शंका योग्य आहे. तिच्या समाधानार्थ एक दृष्टांत घेऊ.

कोणी एक कुणबी होता. त्याच्या विहिरीस पाणी मुबलक होते. एके दिवशी मोट चालू करून त्याने आपल्या मुलास दारे धरण्यास वाफ्यांपाशी उभे केले व सांगितले, "हा वाफा भरला की त्याचे तोंड बांध आणि पुढच्याचे फोड. शेवटच्या वाफ्यापर्यंत असेच कर." मुलगा पाटाच्या कडेस बसला. पाणी किती थंड, बापाची विहीर किती खोल, बैल किती बळकट, याचेच कौतुक तो करीत राहिला. पहिला वाफा भरून फुटला आणि पाणी ओढ्यास गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलास उभे केले. त्यास मिरचीचा वाफा आवडता होता. त्याने सारे पाणी तिकडेच वळविले. मिरची कुजली आणि कांदा वाळला. तिसऱ्या दिवशी धाकट्याची पाळी आली. त्यास विहिरीचे वर्णन करता येत नव्हते, की कोणत्या पिकास किती पाणी लागते हेही पुरते कळत नव्हते. तो केवळ सांगितल्याप्रमाणे एकाचे तोंड बांधीत व दुसऱ्याचे फोडीत गेला. सायंकाळी सर्व शेत भिजले होते.

आता दार्ष्टांतिक पाहू. पाणी मुलाने काढले नाही. विहीर त्याची नव्हे, मोटही त्याची नव्हे. "मी शेत भिजविले" असे तो म्हणेल तर लोक हसतील. तथापि त्याने वाफ्याचे तोंड फोडले नसते तर पाटात वाहणारे पाणी त्या वाफ्यास मिळाले नसते, हेही तितकेच खरे. तद्वत् कृपा परमेश्वराची. तिचा उगम त्याच्या ठायीच आहे. आज्ञापालनाने ती उत्पन्न होत नाही आणि विकतही मिळत नाही. आज्ञापालन म्हणजे केवळ बांध फोडणे. आणि त्या बापास दारे धरता येत नव्हते म्हणून त्याने मुलास उभे केले, असेही नाही. शेत पुढे मुलाच्या हाती द्यावयाचे होते, म्हणून त्याने मुलास चिखलात उभे केले. परमेश्वरास आपल्या आचाराची गरज नाही. आपणांस योग्यता यावी ही त्याची इच्छा आहे. आज्ञा देण्यात त्याचा स्वार्थ शोधू गेल्यास जीवाच्या उद्धाराचे त्याचे व्यसन, एवढेच हाती लागते.

पहिल्या दोन मुलांकडेही पुन्हा पाहावे. पहिला स्तुती करणारा होता, दुसरा आपल्या आवडीची सेवा करणारा. दोघेही आळशी किंवा दुष्ट नव्हते. मार्गातील बहुतेक प्रमाद या दोन वाटांनी येतात: स्तुतीने आज्ञेची जागा घेतल्यामुळे, अथवा आवडीने आज्ञेची जागा घेतल्यामुळे.

गीतेतील अंतर

श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या मुखातून निघालेल्या गीतेत या विषयाचा एक सूक्ष्म धागा आहे. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की मी आपला शिष्य आहे, आपणांस शरण आलो आहे, मला शिकवावे. शरणागतीचे याहून स्पष्ट शब्द कोणते असतील? परंतु अवघ्या दोन श्लोकांनंतर, नवव्या श्लोकात, तोच अर्जुन युद्ध करणार नाही असे सांगून गप्प बसतो. मुखाने शरणागती झाली. कृतीचा निर्णय मात्र आपल्यापाशीच ठेवला. आपलेही असेच होत नाही काय? सकाळी दंडवत घालताना आपण सर्वस्व अर्पण करतो आणि उंबरठा ओलांडताना "हे एवढे मात्र माझ्या मनाप्रमाणे" असे म्हणतो.

पुढे अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन आपण सांगाल तसे करीन असे म्हणतो. दुसऱ्या अध्यायातील शरणागतीपासून अठराव्यातील या वचनापर्यंत जे अंतर आहे, तीच गीता होय. शिष्य म्हणविणे आणि आज्ञा स्वीकारणे यांच्यामध्ये एवढे श्रवण, एवढ्या शंका, एवढे निरूपण भरलेले आहे. म्हणून ज्या साधकाचे मन आज्ञेस लगेच वश होत नाही, त्याने निराश होऊ नये. अर्जुनासही वेळ लागला. पण तो रथ सोडून निघून गेला नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. खचून रथात बसला, विचारीत राहिला, ऐकत राहिला. ऐकत राहणे हीदेखील आज्ञापालनाची पहिली पायरीच आहे.

त्या श्लोकातील क्रमही पाहण्यासारखा आहे. मोह गेला, स्मृती लाभली आणि हे आपल्या प्रसादाने झाले, असे अर्जुन प्रथम सांगतो. संशय सरल्याचे व आज्ञा पाळण्याचे वचन मागाहून येते. म्हणजे आज्ञा पाळण्याचे बळ हेच प्रसादाचे फळ आहे. आज्ञेने प्रसादाची वाट मोकळी होते आणि प्रसादाने पुढची आज्ञा पाळवते. हे चक्र नसून चढण आहे. प्रत्येक पायरीवर पाय ठेवला म्हणजे पुढची दिसते.

याच अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, सर्व सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनास म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. आज्ञा देणारा स्वतःच विचारास मोकळीक देतो. परमेश्वरास बळाने वाकविलेले मस्तक नको आहे. समजून वाकलेले हवे आहे.

दूर जाण्याची आज्ञा

सर्वांत कठीण आज्ञा कोणती? प्रभूंना सोडून जाण्याची. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्ण उद्धवदेवांस बदरिकाश्रमी जाण्यास सांगतात. उद्धवाने ज्ञान ऐकले होते. तरीही निघण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे पाय निघेनात. अखेर त्यांनी प्रभूंच्या पादुका मस्तकी घेतल्या, पुनःपुन्हा वंदन केले आणि ते निघाले. आपल्या परंपरेत कवी भास्करभट्ट बोरीकरांनी 'उद्धवगीता' रचली ती याच संवादावर. उद्धवाचे प्रेम उणे होते म्हणून ते गेले असे कोण म्हणेल? प्रेम होते म्हणूनच त्यांनी आपल्या इच्छेपेक्षा प्रभूंचा शब्द मोठा मानला.

श्रीनागदेवाचार्यांचेही तसेच झाले. स्वामींच्या वियोगाने ते व्याकूळ झाले होते. परंतु रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाऊन राहावे, असे स्वामींनी सांगून ठेवले होते. ते गेले. श्रीप्रभूंच्या लीला निराळ्या; कधी खेळणे, कधी हसणे, कधी कोपणे, लौकिक दृष्टीस वेडेपणाच भासावा अशी ती चर्या. स्वामींच्या निरूपणाची ज्यांच्या कानांस सवय, त्यांनी ही सेवा पत्करणे सोपे नव्हते. आपल्या आवडीचे सन्निधान मागण्याऐवजी आज्ञेत असलेले सन्निधान त्यांनी स्वीकारले आणि श्रीप्रभूंच्या प्रयाणापर्यंत ते तेथे राहिले.

त्या आज्ञेचे फळ किती मोठे झाले ते पाहावे. त्या रिद्धपुरातच, वाजेश्वरी येथे, भटोबास स्वामींच्या लीळांचे मनन करीत असलेले म्हाइंभटांनी पाहिले व त्या लीळा विचारून घेतल्या. ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले ते त्यांच्यापाशी जाऊन शोधले, आणि शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. त्याच रिद्धपुरात श्रीप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी त्यांच्या आज्ञेने महदाइसेने धवळे गाइले. आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. तिने काव्य करावे म्हणून आज्ञा मागितली नव्हती. समोर जे सांगितले गेले, ते तिने केले. भटोबास रिद्धपुरास न जाता शोकातच बसले असते तर आज आपल्या हाती काय राहिले असते, याचा विचार करावा.

पंडिताची आज्ञा

आणखी एक उदाहरण विद्वानाचे आहे. केशिराजबास संस्कृताचे पंडित. त्यांची लेखणी संस्कृतात सहज चालत असे. परंतु स्वामींचे ज्ञान संस्कृतात बांधू लागल्यास मार्गातील वृद्ध स्त्रिया त्यास मुकतील, असे भटोबासांनी त्यांस सांगितले. स्वामींनी आपणांस जे निरूपिले ते मराठीत, म्हणून ते मराठीतच राहावे, ही भटोबासांची भूमिका होती. 'स्मृतिस्थळा'त हा प्रसंग आहे. पंडितास आपली विद्या आवरावी लागणे हे श्रीमंतास धन टाकावे लागण्याहून कमी कठीण नाही. केशिराजांनी ती आवरली. 'लीळाचरित्रा'तील स्वामींची वचने निवडून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला. एकशे चौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ रचला. आज खेड्यातील एखादी वासनिक माउली सूत्र म्हणते, ते त्या आज्ञापालनाचे फळ आहे.

येथे भटोबासांकडेही लक्ष द्यावे. त्यांनी केशिराजांस जे सांगितले ते "मी आचार्य आहे, म्हणून ऐक" असे नव्हते. त्यांनी स्वामींकडे बोट दाखविले. ज्यास आज्ञा करण्याचा अधिकार लाभला आहे, त्याने आपल्या आज्ञेच्या मागे आपण उभे आहोत की स्वामी, हे तपासावे. महंतांचा व गुरुजनांचा शब्द आम्हांस वंद्य आहे, तो यासाठी की ते सूत्राचा अर्थ उघड करतात. सूत्रास सोडून, आपल्या सोयीस्तव, मानास्तव वा धनास्तव जे सांगितले जाईल त्यास आज्ञा हे नाव देता येत नाही. असन्निधानात शास्त्र हेच प्रमाण. जो हे ओळखत नाही तो भोळा. आणि हे ओळखण्याचे निमित्त करून सर्वच आज्ञा टाळणारा लबाड. साधकाने दोन्ही होऊ नये.

भिक्षुकाचा दिवस

आता नित्याच्या आचाराकडे येऊ. भिक्षुकास अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा यांचे नियम सांगितले आहेत. ते सर्वांस ठाऊक आहेत. म्हणून त्यांची यादी न करता एकच जागा पाहू. भिक्षेस निघालेल्या साधकाचे पाऊल एखाद्या आळीकडे आपोआप वळते. तेथे आदर आहे, तेथे अन्न सुग्रास आहे. पलीकडच्या वस्तीत शिळी भाकरी मिळते आणि कधी बोलही मिळतात. कोणी पाहत नाही, कोणी विचारणार नाही. सूत्रपाठ मुखोद्गत आहे आणि प्रवचनात लोक माना डोलावितात. तरीही त्या वळणावर पाऊल कोठे पडते, तेथे त्या दिवसाचा आचार ठरतो. चवीसाठी घर निवडले की झोळी भिक्षेची राहत नाही. झोळीत जे पडेल ते निमूटपणे घेऊन नदीकाठी बसणारा साधक कोरड्या भाकरीबरोबर प्रसन्नतेचा घास खातो. हे बाहेरून दिसत नाही. त्यास स्वतःस मात्र ठाऊक असते.

तसेच विजनाचे. एकांतात जाऊन बसणे म्हणजे विजन नव्हे. तेथे नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण व्हावे, यासाठी ते सांगितले आहे. गाव सोडून झाडाखाली बसलो, पण मन गावातील मानपानाचा हिशोब करीत राहिले, तर शरीर विजनात आणि जीव चावडीवर, अशी अवस्था होते.

वासनिकाचे घर

वासनिक बंधुभगिनींस वाटते की आज्ञा भिक्षुकांसाठी. आपण संसारी, आपण दान करावे, सेवा करावी, पर्वकाळी दर्शन घ्यावे. दान व सेवा थोर आहेत. पण स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चार साधनांत वासनिकाची गणना आहे, हे विसरू नये. ज्याच्याकडे पाहून दुसऱ्यास परमेश्वराचे स्मरण व्हावे, असे त्याचे घर असावयास हवे.

वासनिकाची खरी परीक्षा कोठे होते? तराजूच्या दांडीवर होते, हे वर आलेच. ती मजुराच्या सायंकाळच्या हिशोबात होते. अहिंसेचा नियम पाळणारा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारा मनुष्य सुनेशी वा गड्याशी बोलताना जिभेने किती घाव घालतो, हे त्याने पाहावे. शेती करणाऱ्यास नांगराखाली जीव येतात. ते टाळणे त्याच्या हाती पूर्णपणे नाही, म्हणून त्याने अनुताप बाळगावा. जिभेचा घाव मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

परंतु सर्वांत कठीण घडी येते ती घरात मूल तापाने फणफणले असताना. रात्र आहे, अंगाचा चटका लागत आहे, आईचे डोळे कोरडे झाले आहेत. शेजारची वृद्धा येते आणि प्रेमाने म्हणते, "अमुक देवीस नवस बोल, उतरेल." ती वाईट हेतूने बोलत नाही. घरातील वडीलधारेही तेच म्हणतात. अशा वेळी अनन्यतेची आज्ञा ही पुस्तकातील गोष्ट राहत नाही. "एकदाच बोलून टाकू, परमेश्वर दयाळू आहे, समजून घेईल," असे मन म्हणते.

या क्षणी बाहेरून निष्ठुरपणे बोलणे सोपे आहे. आम्ही तसे बोलणार नाही. इतकेच म्हणू: औषधोपचार करण्यास कोणतीही मनाई नाही. वाहन मिळवावे, वैद्य वा डॉक्टर गाठावा, सारे मानवी प्रयत्न करावेत. त्यात आळस करणे हाच दोष. देवता मर्यादित फळ देतात हेही शास्त्र नाकारीत नाही. त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, एवढेच ते सांगते. म्हणून शेजारणीस नकार देताना तिचा वा तिच्या देवतेचा उपहास करू नये; तिच्या प्रेमाबद्दल तिला हात जोडावेत. आणि मग मुलाच्या उशाशी बसून परमेश्वराचे स्मरण करावे. ते स्मरण "ताप उतरला तर तू खरा" अशा सौद्याचे नसावे. उतरला तरी तुझे, न उतरला तरी तुझेच, एवढेच त्यात असावे. ज्या माउलीने ती रात्र अशी काढली, तिला पहाटे काय लाभले, ते आमच्या शब्दांत मावणारे नाही. मूल बरे झाले म्हणून तिला प्रसाद मिळाला, असे आम्ही म्हणत नाही. ती रात्रभर परमेश्वराचीच राहिली, हाच तो प्रसाद.

आणि ज्या माउलीच्या तोंडून त्या रात्री नवस निघून गेला? तिच्यासाठी पुढचा परिच्छेद आहे.

प्रमाद आणि अनुताप

आज्ञा कधी मोडलीच नाही, असा साधक विरळा. मोडल्यावर मनात दोन विचार येतात. एक म्हणतो, "त्यात काय मोठे झाले?" दुसरा म्हणतो, "आता सर्व संपले. मी या मार्गास योग्य नाही." पहिला उघड शत्रू आहे. दुसरा नम्रतेचा वेष घेऊन येतो, म्हणून त्यास ओळखणे अधिक अवघड. दोघेही एकच काम करतात: जीवास परमेश्वरासमोरून उठवितात.

आपल्या मार्गाने यासाठी अनुताप सांगितला आहे. झालेला दोष दोष म्हणून ओळखावा, त्याचे समर्थन करू नये. त्यामुळे प्रभूंना खंती झाली, या विचाराने मन कळवळावे. गुरुजनांपाशी तो मोकळेपणाने सांगावा. आणि त्याच दिवशी जी पुढची आज्ञा समोर येईल ती पाळावी. शेवटचा भाग महत्त्वाचा. काल फुटलेल्या वाफ्याचे पाणी परत आणता येत नाही. पण आज मोट चालू आहे, पाटात पाणी आहे आणि पुढचा वाफा कोरडा आहे. रडत बसलेल्या मुलास बाप शिक्षा करीत नाही. फावडे हाती देतो. अनुताप जर साधकास पुढच्या आज्ञेपाशी नेत नसेल, तर तो अनुताप नसून स्वतःविषयीचा शोक होय.

तात्पर्य

प्रसन्नता लाभत आहे हे कसे ओळखावे, असे साधक विचारतात. खुणा साध्या आहेत. स्मरण पूर्वी ओढून आणावे लागे, ते आता मध्येच आपण होऊन येते. क्रोध येतो, पण त्याचा मुक्काम कमी होतो. पूर्वी ज्या लबाडीचे काही वाटत नसे, तिची आता लाज वाटते. दुसऱ्याचा दोष सांगताना जीभ अडखळते. पाणी निवळू लागले की तळ दिसतो. आपले दोष अधिक दिसू लागणे हेही निवळण्याचेच चिन्ह आहे. त्याने घाबरू नये.

स्थानाला आपण वंदन करतो, कारण तेथे प्रभूंचे श्रीचरण लागले. त्यांच्या वाणीचा स्पर्श ज्या वचनांस झाला, त्यांचे वंदन कसे करावयाचे? त्यांवर केवळ मस्तक ठेवून भागत नाही. ती आचरूनच त्यांचे वंदन होते. रिद्धपूर दूर असेल; वर्षातून एकदा जाणे घडेल, वा न घडेल. आज्ञा मात्र प्रत्यही दारात उभी आहे: तराजूपाशी, चुलीपाशी, झोळीपाशी, रुग्णाच्या उशाशी. जो तिला तेथे ओळखतो, त्यास आपण उशिरा जन्मलो याचे दुःख करण्याचे कारण उरत नाही. भटोबासांस असन्निधानात जे राखून ठेवलेले मिळाले, तेच त्यासही मिळते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी आम्हां सर्वांस आपल्या वचनाच्या छायेत राहण्याची बुद्धी द्यावी, आणि जेथे आम्ही चुकलो तेथून पुढच्या वाफ्यापाशी पुन्हा उभे करावे, हीच त्यांच्या श्रीचरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.